कझुंगुलाच्या अलीकडे

८ फेब्रुवारी, रविवार

ईराला आज विचारून टाकलं. वरणभात वाढता वाढता, दूध संपलंय का विचारावं तसं. जुलैच्या सुट्टीत जाऊ या का, आईने आखलं होतं तिथे? झांबिया, बोटस्वाना, नामिबिया. गाडीने, सीमा ओलांडत.

"विथ यू?"

नाही, शेजारच्या ग्रेगबरोबर. अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. हो म्हणालो.

"आय'ल थिंक अबाउट इट." ताट सिंकमध्ये, खोलीचं दार बंद. सोळा वर्षांची आहे. रेवती गेल्यापासून, म्हणजे गेल्या जूनपासून, पोरगी माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलते, त्यातले सात "फाइन".

मग रेवतीची फाइल काढली. निळी, रबरबँड लावलेली. आठ महिन्यांनी कपाटाच्या वरच्या खणातून खाली आली. तिचं ते तिरकं, घाईचं अक्षर. लिव्हिंगस्टन, कझुंगुला, कासाने, न्गोमा, काटिमा मुलिलो, आणि पुढे पार विंडहुक. समासात टिपा. "कासाने ते न्गोमा रस्ता अभयारण्यातून. हत्ती आडवे आले तर थांबायचं. हॉर्न वाजवायचा नाही. श्री.ला आधीच सांगून ठेवणे!!"

चार वर्षं म्हणत होती. मी दर वर्षी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होऊ दे म्हणायचो. आता बसलोय नकाशे उघडून. बैल गेला नि झोपा केला.

पण एक पक्कं कळतंय. दोन वर्षांत ही अठराची होईल, युनिव्हर्सिटीला दुसऱ्या शहरात जाईल, आणि मी फक्त वाढदिवसाला फोन करणारा माणूस उरेन. त्याआधी हिला घेऊन तिथे जायचं. बाकी काही नको मला.

१५ फेब्रुवारी, रविवार

नाशिकला अण्णांना फोन. सासरे. ब्याऐंशी पूर्ण, कान गेलेत पण स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी. लिव्हिंगस्टनच्या शाळेत गणित शिकवायचे. रेवती तिसऱ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत तिथे वाढली. म्हणून तर सगळा खटाटोप. सिंह-हत्ती हे आपलं निमित्त.

जातोय म्हणून सांगितलं. मग जे सुटले! तेव्हा कझुंगुलाला पूल नव्हता, गाड्या तराफ्यावरून नदीपलीकडे जायच्या, ट्रकांच्या रांगेत अख्खा दिवस मोडायचा. "आणि तेव्हा मुलांची नावं बापाच्याच पासपोर्टात लिहिलेली असत, श्रीकांतराव. तो अधिकारी खिडकीतून वाचायचा, 'मनीषा केळकर!' की आमची मनू खालून ओरडायची, 'प्रेझेंट सर!' तिचं टाळकंसुद्धा दिसायचं नाही हो त्याला. रांगच्या रांग हसायची."

मनू. रेवती त्या घरात कायम मनूच.

ईराला सांगायला गेलो. "आय नो. मम टोल्ड मी." मला का नव्हतं सांगितलं? का सांगितलं होतं, आणि मी लॅपटॉपमधून मान वर केली नव्हती?

२१ फेब्रुवारी, शनिवार

ट्रामने कॅनबेरा सिटीत, ट्रॅव्हल एजंटकडे. वेंडी, साठीची, मूळची तिकडचीच, त्यामुळे रस्ते तोंडपाठ. वहीत घेतलेलं:

भाड्याची गाडी देशाबाहेर न्यायची तर मालकाचं पत्र. पूल ओलांडला की दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत. बोटस्वानात शिरताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, बॅगेतले जोडसुद्धा काढून, गुरांचा रोग पसरू नये म्हणून. कच्चं मांस न्यायचं नाही (आम्ही शाकाहारी, एक कटकट कमी). न्गोमाचं सीमेवरचं फाटक संध्याकाळी बंद होतं. उशीर झाला तर अलीकडेच अडकलात.

आणि मूल अठराच्या आतलं असेल तर जन्मदाखला, आईबाप दोघांच्या नावांसकट. बरोबर एकच पालक असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र. दुसरा हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. मी सगळं पिशवीत नेलेलं. कागदपत्रांत श्रीकांत साठेला कोणी बोट लावू शकत नाही, ही माझी जुनी घमेंड.

वेंडीने दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले. ईराच्या जन्मदाखल्यावर आई, रेवती साठे. मृत्यूच्या दाखल्यावर मनीषा केळकर. चष्मा कपाळावर सरकवला.

"सॉरी लव्ह, हू'ज मनीषा?"

"सेम पर्सन," म्हणालो कसाबसा. ती म्हणाली, असेलच, पण फाटकावरच्या माणसाला कसं कळणार? त्याच्या लेखी या मुलीची आई जिवंत आहे आणि तिने परवानगी दिलेली नाही.

परतीच्या ट्राममध्ये दोन स्टॉप पुढे गेलो.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिहून काढतो. डोक्यात नुसता गुंता.

लग्नाआधी ती मनीषा. आणि माझ्या थोरल्या बहिणीचं नावही मनीषा. आई म्हणाली, एका घरात दोन मनीषा कशा चालतील, एकीला हाक मारली की दोघी ओ देतील! सगळे हसले. मीही. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीने लिहिलं, रेवती. नाव आईनेच काढलेलं. वेलांटी पार ताटाच्या काठावर गेली, गुरुजी म्हणाले, दीर्घायुषी आहे. ती हसली होती का? फोटोत मान खाली आहे.

मग पासपोर्ट, व्हिसा, ईराचा जन्म, सगळं रेवती साठे. वीस वर्षं.

गेल्या एप्रिलमध्ये म्हणाली, "मी माझं नाव परत घेतेय. आडनावासकट." मी शर्टाला इस्त्री करत होतो. "आता कशाला? पन्नास ठिकाणी बदलत बसावं लागेल." ती म्हणाली, "बरं." मला वाटलं विषय संपला. गाढव मी. तिचं "बरं" म्हणजे काय, हे वीस वर्षांत कळू नये?

तिने बदलून टाकलं होतं. मला कळलं ते जूनमध्ये. कसं कळलं ते आज लिहवत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्याहून ताई. तिला सांगायला नको होतं, सांगितलं. रडायलाच लागली. "अरे श्री, मी तेव्हा त्या घरात होते तरी का? चार वर्षं झाली होती माझ्या लग्नाला! आणि माझंही बदललंच होतं की इकडे."

खरंच की. ताईला सासरी सगळे मृणाल म्हणतात. म्हणजे आमच्या घरात दोन मनीषा नकोत म्हणता म्हणता एकही राहिली नाही. आणि हे इतक्या वर्षांत कोणाच्या टाळक्यात आलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नाव बदलल्याचा दाखला कुठेच नाही. तिचे खण, पर्सा, कुकरीच्या वह्या, सगळं पालथं घातलं. काल सरकारी कचेरीत फोन केला होता. नवी प्रत मिळेल, पण तिच्याशी तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. लग्नाच्या दाखल्यावर रेवती. पलीकडची बाई बिचारी शांतपणे, "सो यू वेअर मॅरिड टू रेवती." हसू की डोकं आपटून घेऊ?

ईरा दारात उभी. काय शोधतोयस? सांगितलं. चेहरा एकदम दगड.

"तिला ते नाव हवं होतं तेव्हा तुला वेळ नव्हता. आता तुला ट्रिपसाठी हवंय." अख्खं वाक्य मराठीत. किती महिन्यांनी ऐकलं, आणि ते हे. मग इंग्रजी सुटलं. यू वेअरन्ट इव्हन देअर. आईला ऑपरेशनला नेलं तेव्हा तू नव्हतास, मीटिंगमध्ये असशील. मी नाही येत तुझ्याबरोबर. नॉट गोइंग.

मी मीटिंगमध्ये नव्हतो. पण तोंड उघडलं नाही. सांगितलं असतं तर ते आणखी...

१ मार्च, रविवार

अण्णांना फोन केला नाही.

९ मार्च, सोमवार

कॅनबेरा डेची सुट्टी. ईराला म्हटलं, एकदा ऐकून घे, मग वर्षभर बोलू नकोस हवं तर. यर्राबी तळ्यावर गेलो. बाकावर बसलो, मध्ये तिची बॅग.

सांगितलं. आई ऑफिसात कोसळली, तिच्या मैत्रिणीचा फोन आला, मी वीस मिनिटांत हॉस्पिटलात पोचलो होतो. काउंटरवर म्हणालो, रेवती साठे, माझी बायको. या नावाचं कोणी नाही. स्पेलिंग सांगितलं. आडनाव वेगळं सांगितलं. नाही. मी आवाज चढवला, माझ्यामागे रांग, एक बाई तान्हं मूल घेऊन. म्हणाले, दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं असेल, तिकडे फोन केला, तिथेही नाही. त्यांची काही चूक नव्हती. शेवटी एका नर्सने जन्मतारीख विचारली आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, "वी हॅव अ मनीषा."

तोवर पाऊण तास गेला होता. वर गेलो तर तिला आत नेऊन पाच मिनिटं झाली होती. आत जाईपर्यंत शुद्धीत होती म्हणे. मला विचारत होती का, हे नर्सला विचारायचा धीर झाला नाही. नंतर ती शुद्धीवर आलीच नाही.

ती वर होती आणि मी खाली भलत्याच बाईला शोधत होतो. असंच म्हणालो ईराला. नऊ महिने कोणालाही सांगितलं नव्हतं, मेहुण्याला, संजयलाही नाही, ताईलाही नाही.

ती म्हणाली, "डिड शी नो यू वेअर डाउनस्टेअर्स?"

माहीत नाही म्हणालो. मग खुपणारं दुसरंही विचारून टाकलं. ती मला सोडून जाणार होती का? आडनावसुद्धा परत घेतलं म्हणून...

"आय डोन्ट नो, बाबा." थोड्या वेळाने, "आय डोन्ट थिंक सो. बट आय डोन्ट नो."

रडलो. भर दुपारी, चारचौघांत, हुंदके देऊन. पळायला आलेला एक जण थांबला, "यू राइट, मेट?" ईराच म्हणाली त्याला, ही'ज ओके. तिने माझा हात धरला नाही. उठूनही गेली नाही.

११ मार्च, बुधवार

ऑफिसातून आलो तर माझ्या लॅपटॉपवर नाव बदलल्याचा दाखला ठेवलेला. ईराकडेच होता, पहिल्यापासून. शाळेला दांडी मारून आईबरोबर गेली होती त्या कचेरीत. नंतर दोघींनी डोसा खाल्ला म्हणे. मी त्या दिवशी काय करत होतो कोण जाणे.

सोबत अर्जाची झेरॉक्स. 'नाव बदलण्याचे कारण' अशी चौकट. लोक तिथे लग्न, घटस्फोट वगैरे लिहीत असतील. तिने इंग्रजीत तीनच शब्द लिहिलेत. हे माझं होतं.

पुन्हा पुन्हा वाचलं.

यापुढे वहीत मनीषा लिहायचं. हाताला वळण नाही, अजून रे.वरच जातो.

१५ मार्च, रविवार

ईराने स्वतःहून नाशिकला फोन लावला. मी भांडी घासत होतो, सगळं ऐकू येत होतं. ट्रिपला जाणार आहे म्हणत होती. संजयमामाबरोबर. संजय म्हणजे मनीषाचा धाकटा भाऊ, जन्म लिव्हिंगस्टनचाच, पण तिथलं त्याला काही आठवत नाही.

मग आली, ओट्याला टेकून उभी राहिली. "डोन्ट गेट मॅड, ओके?" लिव्हिंगस्टनपर्यंत तू ये, बाबा. आईची शाळा, घर, सगळं एकत्र बघू. पण पूल मी आणि मामा ओलांडणार. पुढचं सगळं आईच्या माणसांबरोबर बघायचंय मला.

आणि मी कोण? आधी गिळलं. मग विचारलंच.

"यू'र माय पर्सन. यू वेअर हर..." पुढे शब्द सापडेना तिला. मलाही सुचवता आला नाही.

राग आला. अस्सा आला! फाइल मी काढली, फाटकांच्या वेळा मी पाठ केल्या, बुटांच्या जोडांची यादी मी केली, आणि मी नदीच्या अलीकडे बसून शेंगा सोलू? तिची आई गेली, माझी बायको नाही गेली? पातेलं घासत राहिलो. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी नाही, वर्ष व्हायचंय. मनीषा चक्का बांधून श्रीखंड घरी करायची. दुकानातलं आणलं, दोघांनी डब्यातूनच चमच्याने खाल्लं. ईरा म्हणाली, फार गोड आहे. हो म्हणालो. मग म्हणालो, पुलाचंही हो.

तिने चमचा चाटून पुसून ठेवला. "थँक्स, बाबा." डोळे भरले होते तिचे. माझेही.

२४ मार्च, मंगळवार

वेंडीला फोन. मामा काही पालक नाही, तेव्हा आईचे दोन्ही दाखले आणि शिवाय बापाचं संमतीपत्र, सही-शिक्क्यासकट. "दॅट'ल बी यू, लव्ह. यू'र द पेरेन्ट नॉट ट्रॅव्हलिंग." महिनाभर त्या रकान्यात मनीषाला बसवायला डोकं फोडत होतो. निघालं काय, तर तिथे मी.

विचारलं, समजा पत्र केलं आणि ऐनवेळी बापही बरोबर निघाला तर? तर पत्र खिशात ठेवायचं, नो वरीज. गाडीत तुझी सीट ठेवू का? ठेवा म्हणालो. ईराला सांगितलेलं नाही. मनाची लाज बाळगायची ती किती.

२८ मार्च, शनिवार

गुंगालिनच्या लायब्ररीत शनिवारी जेपी बसतात, कागदांवर साक्षीची सही करायला. ईरा बरोबर आली. जेपी म्हणजे सत्तरीचे आजोबा, हातविणीचा स्वेटर, एकेक ओळ बोट ठेवून वाचणारे.

दाखले झाले. मनीषा-रेवतीचा घोळ त्यांना अर्ध्या मिनिटात समजला. "राइट, गॉट हर ओन नेम बॅक. गुड ऑन हर." शिक्का. मला वीस वर्षं लागली.

मग माझं पत्र. मी, श्रीकांत साठे, ईराचा पिता, तिला तिच्या मामाबरोबर झांबियातून बोटस्वाना आणि नामिबियात जायला संमती देतो. अमुक तारखेपासून, तमुक तारखेपर्यंत. बोट थांबलं.

"अन्टिल व्हेन, मेट? आय कान्ट विटनेस अ ब्लँक."

मी चुकून कोरं ठेवलं नव्हतं. मामाची रजा मंजूर व्हायची आहे, असं ईराने सांगितलं होतं. तिच्याकडे बघितलं. खाली बघत होती.

"आय वॉज गोइंग टू टेल यू." मामा म्हणतोय, विंडहुकहून तशीच नाशिकला चल. अण्णांना भेट, राहा थोडे दिवस. शाळेशी बोलता येईल, एखादी टर्म.

"किती दिवस?"

"आय डोन्ट नो, बाबा. अण्णा इज एटी-टू."

आजोबांनी कागद हळूच आमच्याकडे सरकवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आम्ही लहान मुलांच्या पुस्तकांपाशी त्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो. गुडघे हनुवटीला. माझ्या हातात पेन. तारीख घालायला काय लागतं? शाळा उघडायच्या आदल्या दिवशीची. बाप आहे मी, नाही म्हणायचा हक्क आहे. नाही म्हटलं तर ती जाणारच नाही, किंवा जाईल आणि परत येऊनही माझ्याकडे येणार नाही.

पेन तिला दिलं. "तूच लिही."

"यू'र सपोज्ड टू डिसाइड."

"मला नीट ठरवता येत नाही गं. पण तू परत यायला हवी आहेस मला. एवढं खरं."

ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसली. मग मराठीत विचारलं, हळू, "पुलाच्या अलीकडे तू किती दिवस थांबशील?"

"तू लिहिशील तेवढे."

बारा वाजता आजोबांनी शिक्क्याची पेटी आवरली. पत्र तसंच घरी आणलं. आता जेपी मंगळवारी. ईरा कागद आणि पेन घेऊन खोलीत गेली आहे. दार उघडं ठेवलंय. अजून लिहिलेलं नाही.